स्टेजची भीती आणि पहिलं दीड मिनिट

आठवीत असताना १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, शाळेत माझं भाषण होतं. निजामाची राजवट, रझाकार, १९४८ ची पोलीस कारवाई, सगळं घोकून ठेवलेलं. "अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो" इथपर्यंत गाडी नीट गेली. मग म्हणालो, "या लढ्याचे नेते स्वामी रामानंद..." आणि पुढचा शब्दच येईना. स्वामी रामानंद. पुन्हा एकदा स्वामी रामानंद. तोंडात जिभेच्या जागी चपलेचा तुकडा ठेवल्यासारखं झालं. शेवटी मैदानात मातीवर बसलेली अख्खी शाळा एका सुरात ओरडली, "तीर्थ!"

सगळे हसले. मी खाली उतरलो तो थेट लिंबाच्या झाडामागं गेलो आणि पुढं पाच वर्षं स्टेजचं नाव काढलं नाही. आज वाटतं, ती पोरं मला पाडत नव्हती, शब्द देत होती. पण हे कळायला मला स्वतः शेकडो वेळा उभं राहावं लागलं.

गेली पंधरा-सोळा वर्षं मी परभणीत कॉलेजच्या पोरांच्या एकांकिका, प्रहसनं, भारुडं बसवतो. दर वर्षी नवी तुकडी येते आणि दर वर्षी तोच प्रश्न येतो: "सर, लई भ्याव वाटायलंय, काय करू?" गॅदरिंगमध्ये, युवक महोत्सवात, गणपतीच्या नाटकात किंवा गावच्या सप्ताहात पहिल्यांदा उभं राहणाऱ्यांसाठी हे लिहितोय. माझं म्हणणं एकच आहे आणि पुढची सगळी लांबण त्याच्याच आधारानं लावलीय. भीतीचा खरा जोर पहिल्या दीड-दोन मिनिटांत असतो. तेवढं दीड मिनिट नीट बांधून घेतलं की पुढचं तालीम सांभाळून घेते.

अंगात नेमकं काय होतं

बांधावरनं चालताना पायाजवळ साप सळसळला तर जे होतं, तेच स्टेजवर होतं. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या छोट्या ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रेनलिन सोडतात. छाती धडधडायला लागते. रक्त पोटाकडून हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडं वळतं, म्हणून पोटात गोळा येतो आणि बोटं गार पडतात. लाळ आटते, घशाला कोरड पडते. स्नायू पळायला तयार होतात, पण आपण त्यांना माईकसमोर उभं केलेलं असतं, म्हणून पाय लटपटतात. आपली बोबडी वळते ती अशी. शरीर तुमच्याशी वैर करत नाही, ते त्याच्या समजुतीप्रमाणं तुम्हाला सापापासून वाचवतंय.

यात कामाची गोष्ट अशी की रक्तात आलेलं अ‍ॅड्रेनलिन फार टिकत नाही. दोन-तीन मिनिटांत त्यातलं निम्मं विरून जातं. मधल्या काळात "अरे देवा, मी थरथरतोय, सगळ्यांना दिसलं" असं म्हणून तुम्ही स्वतःला दुसऱ्यांदा घाबरवलं नाही, तर लाट आपोआप ओसरते. बहुतेक नवखे पहिल्या लाटेत बुडत नाहीत. पहिलीला घाबरून जी दुसरी उठते, ती त्यांना नेते.

अनुभवानं ही धडधड कायमची जाते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. इंग्रजी रंगभूमीवरचे लॉरेन्स ऑलिव्हिए, एवढे दिग्गज नट, पन्नाशी उलटल्यावर काही वर्षं इतके घाबरत की सहनटांना "माझ्या डोळ्यांत बघू नका" म्हणून विनवत. मी स्वतः अजूनही तिसऱ्या घंटेच्या आत दोनदा लघवीला जाऊन येतो.

आधी स्वतःचा गण बांधा

आपल्याकडच्या जुन्या कलावंतांनी या दीड मिनिटाची सोय कधीच करून ठेवलीय. गोंधळ आठवा. गोंधळी एकटा उभा राहून बोलायला लागत नाही. आधी संबळ घुमतो, तुणतुणं लागतं, दिवटी पेटलेली असते. मग एकेका देवाला गोंधळाला यायचं आवतन: तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा. नावं लहानपणापासून तोंडात बसलेली, चाल ठरलेली, मागं झील धरणारा, म्हणजे ओळ उचलून गाणारा साथीदार. यातलं काहीच आठवावं लागत नाही. आख्यानाला हात घालीस्तोवर आवाज तापलेला असतो, अंगातली थरथर ठेक्यात गेलेली असते आणि समोरची म्हातारी डोलायला लागलेली असते. तमाशात आधी गण, म्हणजे गणपतीचं नमन, आणि मग गौळण. वारकरी कीर्तनकार उभा राहतो तेव्हा मागं टाळकऱ्यांची रांग, बाजूला पखवाज आणि सगळ्यांनी मिळून रामकृष्ण हरीचा गजर. निरूपण त्याच्यानंतर.

देवाचं नमन हे भक्तीनंच होतं, त्यात वाद नाही. पण उभं राहणाऱ्याच्या बाजूनं बघितलं तर या प्रत्येक प्रकारात पहिला वेळ असा आहे, ज्यात कलावंत चुकूच शकत नाही. आणि आपण शाळेत काय करतो? तेरा वर्षांच्या पोराला एकट्यानं माईकपुढं ढकलतो आणि पहिल्याच वाक्यात "स्वातंत्र्योत्तर कालखंडातील सामाजिक स्थित्यंतरे" म्हणायला लावतो. ते पोरगं अडकणार नाही तर काय होणार?

तर तुमचं काहीही असो, भाषण, एकपात्री, गाणं, सूत्रसंचालन, त्याला स्वतःचा गण करा. दीड मिनिटाचा. घड्याळ लावून मोजा. पहिली चार-पाच वाक्यं शब्दाला शब्द पाठ हवीत, झोपेतून उठवलं तरी आली पाहिजेत. ती आखूड ठेवा, रोजच्या बोलण्यातली ठेवा, पहिल्या वाक्यात जोडाक्षरांची गर्दी नको. समोरच्यांना काहीतरी करायला द्या. गजर असेल तर गजर, टाळीचा ठेका असेल तर ठेका, काहीच नसेल तर "मागच्या रांगेत आवाज येतोय का?" एवढं विचारलं तरी चालतं. ते "हो" म्हणाले की तुम्ही एकटे राहिला नाहीत. आणि अंगाला काम द्या. चालत या, हातातली घोंगडी खाली अंथरा, फेटा सारखा करा. खांबासारखं उभं राहून पहिलं वाक्य म्हणणं सगळ्यात अवघड, आणि आपण नवख्यांना नेमकं तेच देतो.

नाटक बसवणाऱ्यांना एक विनंती. पहिल्यांदा उभं राहणाऱ्याला पडदा उघडताना स्टेजवर एकट्याला ठेवू नका. त्याची एन्ट्री चौघांच्या घोळक्यात करा किंवा त्याच्या हातात पाण्याची घागर द्या. मी हा नियम फक्त एकदाच मोडला आणि पस्तावलो.

आता थरथरीची, तीन वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगतो. नांदेडला युवक महोत्सव होता. आमच्या संघात बी.ए. पहिल्या वर्षाची एक पोरगी होती. आधी कधी कुठंच उभी राहिलेली नाही, पण आवाज असा की वर्गात बोलली तर व्हरांड्याच्या टोकाला ऐकू यावं. तिला एकनाथांचं विंचवाचं भारूड दिलं होतं. पैठणच्या नाथांनी भारुडात किती सोंगं उभी केली, त्यातलं हे सगळ्यात करकरीत. तालमीत झकास करायची. महोत्सवाच्या दिवशी विंगेत माझ्यापुढं दोन्ही हात धरून म्हणाली, "सर, बघा ना, थांबंनातच." खरंच थांबत नव्हते. काचेच्या बांगड्या किणकिणत होत्या. मला काही थोर सुचलं अशातला भाग नाही, घाईत तोंडातून निघून गेलं, "अगं, विंचू चावलाय ना तुला? मग थांबवायलीस कामून? तशीच जा."

ती तशीच गेली. मागं धृपद धरायला चार पोरं, ढोलकी, टाळ. पहिलं धृपद होईस्तोवर ती खरीखुरी थरथरत होती आणि माझ्या शेजारी उभे असलेले दुसऱ्या कॉलेजचे सर म्हणत होते, "काय काम करायलीय हो पोरगी!" दुसऱ्या कडव्याला तिचे हात स्थिर झाले. तेव्हा मात्र तिला ते मुद्दाम थरथरवावे लागले, आणि ते पहिल्याइतकं चांगलं जमलं नाही.

थरथर लपवायला गेलं की वाढते. तुमच्या प्रकारात ती कुठं खपते ते शोधा. हातात चिपळ्या, खंजिरी, टाळ असेल तर सोपंच आहे. जिथं खपत नाही तिथं तिला जागाच देऊ नका. उदाहरणार्थ, हातात सुटा कागद धरू नका. बोटं जरा हलली तरी कागद फडफडतो आणि माईक ती फडफड शेवटच्या रांगेपर्यंत पोचवतो. पुठ्ठ्याचं कार्ड किंवा लिहायचं पॅड घ्या.

पाठांतर: सगळे रूळ नको, स्टेशनं लक्षात ठेवा

गण शब्दशः पाठ, पण त्याच्या पुढचं भाषण शब्दशः पाठ करू नका. माझं "तीर्थ" झालं ते यामुळंच. शब्दांची माळ असली की एक मणी निसटला म्हणजे सगळी माळ खाली.

परभणीहून छत्रपती संभाजीनगरला रेल्वेनं जाताना मानवत रोड, सेलू, परतूर, जालना, बदनापूर अशी स्टेशनं लागतात. डुलकी लागून सेलू हुकलं म्हणून कुणी गाडीतून उडी टाकत नाही. परतूरचा फलाट दिसला की कळतं आपण कुठं आहोत. पाच मिनिटांच्या भाषणाला अशी पाच स्टेशनं करा. एका स्टेशनाला एकच शब्द किंवा एकच चित्र. मुक्तिसंग्रामाचं भाषण असेल तर: निजाम, रझाकार, स्वामीजी, १९४८, आज. एका स्टेशनावरून दुसऱ्यावर रोज वेगवेगळ्या वाक्यांनी जायची सवय लावा. मधलं एखादं गळालं तर पुढचं पकडा. गळालेलं फक्त तुम्हाला ठाऊक असतं, श्रोत्यांकडं तुमची वही नसते.

नाटकात शब्द बदलता येत नाहीत, तिथं युक्ती वेगळी. प्रत्येक संवाद हालचालीला बांधा. "हे वाक्य घागर उतरवताना, हे उंबऱ्यावर बसताना." शब्द विसरला तरी पाय उंबऱ्याकडं वळतात आणि उंबरा शब्द आणून देतो. समोरच्याचे संवादही पाठ करा, त्याचं विसरलं तर तुम्ही सावरू शकाल. आणि वही उघडी ठेवून दहादा वाचण्यापेक्षा वही मिटून तीनदा आठवणं जास्त उपयोगाचं. आठवताना अडखळलं तरच ते पक्कं बसतं.

तालीम जरा बिघडवून घ्या

शांत खोलीत, पंख्याखाली, मांडी घालून केलेली तालीम शांत खोलीपुरतीच असते. आमच्याकडं शेवटचा आठवडा बिघाडाचा. एकजण संवाद म्हणत असला की बाकीच्यांनी मधेच मोबाईल वाजवायचा, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखं समोरून जायचं, मागं बसून जांभई द्यायची. पहिल्या दिवशी पोरं चिडतात. तिसऱ्या दिवशी त्यांना ऐकूच येत नाही.

आणखी एक करा. कॉलेजचा जिना पळत दोनदा चढून-उतरून या आणि धापा टाकतच गण म्हणा. छाती धडधडत असताना पहिली वाक्यं कशी निघतात, कुठं श्वास तुटतो, ते इथंच कळतं. असा आठवडा गेला की विंगेतली धडधड ओळखीची वाटते.

निदान दोन तालमी पूर्ण कपड्यांत हव्यात. नऊवारीत पहिल्यांदा बसताना काय होतं ते स्पर्धेच्या दिवशी कळून उपयोग नाही. फेटा कानावर आला की स्वतःचा आवाज वेगळाच ऐकू येतो आणि नवखा मनुष्य तेवढ्यानंही गांगरतो.

आरशासमोरच्या तालमीबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. आरशात माणूस स्वतःकडं बघायला शिकतो, आणि आपल्याला नेमकी तीच खोड मोडायचीय. त्यापेक्षा समोर जिवंत माणसं बसवा, आधी दोन, मग दहा, मग तीस. घरच्यांपासून सुरुवात करा असं सगळे सांगतात. घरचे प्रेमानं ऐकणारे असतील तर जरूर करा. पण "आला बघा मोठा हिरो" म्हणणारा काका घरात असेल, तर सरळ मित्रांच्या कट्ट्यावर जा. मग वर्ग. मग गावातला छोटा कार्यक्रम. गावोगावी सप्ताह होतात, भजनी मंडळं असतात. तिथं मागं टाळ धरून उभं राहण्यानं सुरुवात केली तरी चालते. चारशे लोकांसमोर उभं राहणं अंगवळणी पडतं आणि तुमच्याकडं कुणी बघतही नसतं. माळेगावच्या यात्रेत लावणीच्या फडात ज्या धिटाईनं बायका उभ्या राहतात, ती कुठल्या शिबिरात मिळालेली नसते. वर्षातल्या किती रात्री त्या उभ्या राहतात, त्याचा तो हिशेब असतो.

आपल्या बोलीचं ओझं

हे थोडं सविस्तर लिहितो, कारण मराठवाड्यातल्या पोरांची निम्मी भीती स्टेजची नसतेच, बोलीची असते. "सर, माझा ण निघत नाही." "सर, मी करायलंय-बोलायलंय म्हणालो तर परीक्षक हसतील." माझ्याकडं एक मुलगा होता, कट्ट्यावर बोलायला लागला की दहा जणांना पोट धरून हसवायचा. माईकसमोर आला की एकदम बातम्या द्यायला लागायचा. त्याचं सगळं ध्यान "पाणी" नीट म्हणण्यात जायचं, आणि पाणी नीट व्हायचं पण बाकी सगळं कोरडं.

आम्ही काय केलं ते सांगतो. आधी त्याला सगळं भाषण त्याच्या बोलीत करायला लावलं, "हाय", "न्हाई", "लई" सकट, जसं तो मावशीला सांगेल तसं. ते मोबाईलवर रेकॉर्ड केलं. लय, थांबे, टोमणे, सगळं त्यात सापडलं. मग त्यातले फक्त दहा शब्द निवडले, जे प्रमाण उच्चारातच हवे होते. त्या दहांवर आठ दिवस काम. ण म्हणताना जिभेचं टोक मागं वळून टाळूला लागलं पाहिजे, न म्हणताना ते दातांमागंच राहतं. हा स्नायूंचा व्यायाम आहे, त्यात अब्रूचा प्रश्न येत नाही. बाकी भाषण त्याच्याच चालीत ठेवलं.

भूमिका शहरी प्राध्यापकाची असेल तर उच्चार शिका, आळस नको. पण बोलीची लाज घेऊन उभं राहू नका. मराठवाड्यातल्याच, संभाजीनगरच्या विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात शिकवणारे लक्ष्मण देशपांडे एकट्यानं ५२ पात्रं उभी करायचे, तीही गावाकडच्या माणसांच्या अस्सल बोलण्यासकट, आणि त्यासाठी जगभरचे मराठी लोक तिकीट काढून बसले. मकरंद अनासपुऱ्यांनी तर याच बोलीवर सिनेमात नाव केलं.

त्या दिवशी

जेवण कार्यक्रमाच्या दोन तास आधी, हलकं. भाकरी-वरण चालतं, बसस्टँडवरची मिरचीची भजी चालत नाहीत. चहा एखादा कप बास. आधीच धडधडणाऱ्या छातीला चहा आणखी हाकतो. पाणी घोट-घोट दिवसभर, शेवटच्या पाच मिनिटांत तांब्याभर नको. खडीसाखरेचा खडा तोंडात ठेवला की लाळ सुटते, कोरड कमी होते, पण एन्ट्रीच्या आधी तो संपवा. मे महिन्यातल्या मंडपात पारा ४२ च्या वर असताना कार्यक्रम असेल तर मेकअप शेवटी करा आणि तोपर्यंत सावलीत बसा.

निदान तासभर आधी पोचा. नांदेडचं कुसुम सभागृह असो, संभाजीनगरचं संत एकनाथ रंगमंदिर असो की ट्रॉलीवर बांधलेलं गावातलं स्टेज, आधी मोकळ्या जागेवर चालून या. पायऱ्या कुठं आहेत, वायर कुठून गेलीय, फळी कुठं वाजते ते बघा. तुमचा गण एकदा शेवटच्या खुर्चीला म्हणून दाखवा. स्पॉट लागला की समोर माणसं दिसत नाहीत, नुसता काळोख दिसतो. हे आधी माहीत नसलेले नवखे तिथंच बिचकतात. साउंडवाल्याला नमस्कार करा, नाव विचारा. पुढचा अर्धा तास तुमची अब्रू त्याच्या बोटात आहे.

माईकबद्दल थोडक्यात. तोंडापासून एक मूठ अंतर. टकटक करू नका, फुंकर मारू नका. हातातला माईक खाली स्पीकरच्या तोंडाकडं नेलात तर शिट्टी वाजणार. तोंड वळवलंत तर माईकही बरोबर वळवा. आधीचा वक्ता उंच असेल तर माईक स्वतः खाली घ्या, सावकाश. नाहीतरी पहिल्या मिनिटात हाताला काम हवंच होतं.

विंगेतली पाच मिनिटं

चार अंक मोजत श्वास आत, आठ अंक मोजत बाहेर. असं पाच वेळा. श्वास सोडताना हृदयाची गती जरा उतरते, म्हणून सोडणं लांबवायचं. छाती फुगवून जोरजोरात श्वास घेऊ नका, त्यानं चक्कर येते. मग भिंतीला दोन्ही तळवे लावून दहा अंक मोजेपर्यंत ती ढकला. पळायला तयार झालेल्या स्नायूंना काहीतरी ढकलायला मिळतं. ओठ मिटून हलकंसं गुणगुणा, आवाज घशातून खाली उतरतो.

"मी शांत आहे, मी शांत आहे" असं घोकू नका. अंग धडधडतंय आणि तुम्ही शांत आहे म्हणताय, कोण विश्वास ठेवील? हार्वर्डच्या एलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये यावरच प्रयोग प्रसिद्ध केले. गाण्याआधी, भाषणाआधी ज्यांनी स्वतःला "मी शांत आहे" ऐवजी "मला हुरूप आलाय" अशा अर्थाचं सांगितलं, त्यांचं काम जास्त चांगलं झालं. धडधड तीच ठेवायची, नाव बदलायचं. आमची पोरं एकमेकांच्या पाठीवर थाप मारून म्हणतात, "चेव आला का?" "आलाय!" हे मला कुठल्याही प्रेरणादायी व्याख्यानापेक्षा बरं वाटतं.

विंगेत नवे बदल करायचे नाहीत. दिग्दर्शकाला शेवटच्या मिनिटाला काहीतरी सुचलेलं असतं. त्याला सांगा, उद्या.

अडकलात तर

अडकणार. कधी ना कधी सगळे अडकतात. थांबा, एक श्वास घ्या, शेवटचं वाक्य सावकाश पुन्हा म्हणा. लोकांना ते जोर देऊन म्हटल्यासारखं वाटतं. तरी येत नसेल तर पुढचं स्टेशन. "सॉरी" म्हणायचं नाही, जीभ चावायची नाही, विंगेकडं केविलवाणं बघायचं नाही. चूक लोकांना दिसत नाही, चुकीनंतरचं तुमचं तोंड दिसतं.

आपली आतली भीती समोरच्याला काचेतून दिसावी तशी दिसते, असं उभं राहणाऱ्याला वाटत असतं. केनेथ सवित्स्की आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केले. वक्ते स्वतःला जेवढे घाबरलेले समजत होते, तेवढे ते ऐकणाऱ्यांना वाटले नाहीत. शिवाय "तुमची भीती वाटते तेवढी दिसत नाही" एवढं ज्यांना आधी सांगून ठेवलं, त्यांची भाषणं इतरांपेक्षा चांगली झाली. म्हणून मी हे माझ्या प्रत्येक तुकडीला पहिल्याच दिवशी सांगतो, आणि आता तुम्हालाही सांगून ठेवलं.

लाईट गेली तर स्टेजच्या पुढच्या कडेला या आणि बिनमाईकचं चालू ठेवा. आपल्याकडं लोकांना याची इतकी सवय आहे की ते मोबाईलचा उजेड धरतात आणि अशा वेळी मिळणारी टाळी इतर वेळी मिळत नाही. गॅदरिंगला मागून शिट्ट्या आल्या तर उत्तर देऊ नका, दोन अंक थांबा, मग पुढं चला. शिट्टी मारणाऱ्याला भांडण हवं असतं, ते त्याला देऊ नका.

दारू आणि गोळ्यांबद्दल

"दोन घोट घे, भीड चेपते" असं सांगणारा एकजण प्रत्येक मंडळात असतो. दारूनं भीड चेपते त्याच्या आधी जीभ आणि टायमिंग जातं. त्याचं ऐकू नका. हृदयाची धडधड कमी करणारी प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी काही कलावंत घेतात हे खरं आहे, पण ती डॉक्टरांनी दिली तरच घ्यायची असते. दम्याच्या माणसाला ती धोक्याची ठरू शकते. मित्राच्या खिशातली गोळी घेऊन स्टेजवर जाऊ नका.

कार्यक्रमाच्या कितीतरी आठवडे आधीपासून झोप उडाली असेल, वर्गात साधं नाव सांगतानाही श्वास कोंडत असेल, लोकांना टाळण्यासाठी कॉलेजच सोडावंसं वाटत असेल, तर ते या लेखानं होण्यासारखं काम नाही. समुपदेशकाला किंवा डॉक्टरांना भेटा. सरकारची टेली-मानस ही फुकट हेल्पलाइन १४४१६ या नंबरावर दिवसरात्र चालू असते.

उतरल्यावर

उतरल्या-उतरल्या "कसं झालं?" म्हणून विचारत फिरू नका. त्या वेळी कुणी खरं सांगत नाही, आणि सांगितलं तरी तुम्हाला ऐकू येत नाही. रात्री वहीत तीन ओळी लिहा: गण कसा गेला, लाट साधारण कुठं ओसरली, कुठलं स्टेशन हुकलं. व्हिडिओ दोन दिवसांनी बघा, पहिल्यांदा आवाज बंद करून. हातपाय काय करतात ते तेव्हाच दिसतं.

आणि पुढची तारीख महिन्याच्या आत ठरवा. खंड पडला की भीती परत वाढते, मी पाच वर्षांचा खंड पाडून बघितलाय.

नांदेडहून परत येताना रात्री झिरो फाट्यावर आम्ही चहाला थांबलो होतो. बक्षीस काही मिळालं नव्हतं. ती विंचवाची पोरगी जरा बाजूला जाऊन फोनवर बोलत होती. आली आणि म्हणाली, "सर, आमच्या गावच्या सप्ताहात भारूड करू का म्हणून विचारलं. महाराज म्हणले ये, पण मागं झील धरायला कोण हाय म्हणून विचारायलेत."

चौघांनी हातातल्या कपासकट हात वर केले.